मदत हवी आहे : ‘राज्य एक नंबर’ म्हणणाऱ्या नेत्याला एकच प्रश्न विचारायचाय

हिशेबनीस_सोलापूर

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे उद्योजकांच्या मेळाव्याला एक बडे नेते येतायत. प्रश्न आधी चिठ्ठीवर लिहून द्यायचा, माणशी एकच. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, अर्थशास्त्र बारावीपुरतंच. साहेबांचं भाषण मात्र पाठ झालंय : देशाच्या उत्पन्नात सगळ्यात मोठा वाटा आपल्या महाराष्ट्राचा, परकीय गुंतवणुकीत आपण पहिले, दावोसच्या जागतिक आर्थिक मंचावर पंधरा लाख कोटींच्या वर करार, आणि ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था आता हाकेच्या अंतरावर.

अडचण अशी की यातलं पहिलं सरळ खोटं नाही. राज्याच्या आर्थिक पाहणीत २०२४-२५ चं स्थूल राज्य उत्पन्न (म्हणजे राज्यात वर्षभरात तयार झालेल्या माल-सेवांची किंमत) साधारण ४५ लाख कोटी रुपये दिलंय, देशात सर्वाधिक. पण पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचं सप्टेंबर २०२४ चं टिपण वाचलं. देशाच्या उत्पन्नातला आपला वाटा २०१०-११ मध्ये १५.२ टक्के होता, २०२३-२४ मध्ये १३.३ झाला. दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या दीडपट आहे खरं, पण तेलंगणा, कर्नाटक, तमिळनाडू, गुजरात पुढे आहेत. हा विरोधकांचा कागद नव्हे, केंद्राचाच आहे.

तेलंगणाचं वाचून जरा थबकलो. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी घरांचे आजोबा-पणजोबा तिकडूनच पोटासाठी इथे मागावर बसायला आले. आता त्यांची नातवंडं हैदराबादला जातात.

ट्रिलियनचं गणित घरीच केलं. डॉलर ८५ रुपये धरला तर ८५ लाख कोटी लागतात. आपण निम्म्याच्या थोडं पुढे. एवढ्या लांबून हाक मारली तर ऐकू जायची नाही.

परकीय गुंतवणूक आणि दावोस हे दोन मात्र मला उलगडत नाहीत. जाणकारांनी सांगावं. आणि प्रश्न कुठला टाकू?

आकडेमोड

२०२४-२५ मध्ये देशात आलेल्या परकीय समभाग भांडवलापैकी ३९ टक्के महाराष्ट्राच्या नावावर आहे, तेव्हा पहिला नंबर मान्य करा. फक्त, चालू कंपनीचे शेअर परदेशी कंपनीने घेतले तरी ते यात येतात. त्याने नवा कारखाना उभा राहतोच असं नाही. शिवाय कोणी ‘पंधरा वर्षांपूर्वी एवढे, आज एवढे’ म्हणालं तर सावध व्हा. राज्यवार नोंद ऑक्टोबर २०१९ पासूनची. त्याआधी रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक कार्यालयानुसार मोजायचे आणि मुंबई कार्यालयात दादरा-नगर हवेली, दमण-दीवही यायचं.

दावोसचे ते सामंजस्य करार. सही केली म्हणून पैसे घालायची सक्ती कुणावर नसते, आणि सह्या करणाऱ्यांत भारतातल्याच कंपन्या बऱ्याच होत्या. त्यांना सही करायला स्वित्झर्लंडला का जावं लागतं, हा वेगळा धागा होईल.

पोटापुरता_पुणेकर

मूळचा बार्शीचा, नोकरी हिंजवडीत. पाहणीत जिल्हावार दरडोई उत्पन्नाचा तक्ता असतो, तो काढा आणि पुण्याशेजारी सोलापूर ठेवून बघा. त्यात उत्पन्न जिथे निर्माण होतं तिथे धरतात, म्हणजे माझा पगार पुण्याच्या हिशेबात. आई-बाबांना पाठवतो ते पैसे त्या तक्त्यात कुठेच दिसत नाहीत.

शेंगाचटणी

सगळंच वाईट नसतं हो. कुंभारीच्या रे नगरात विडी आणि यंत्रमाग कामगारांना पक्की घरं मिळाली, होटगी रोडवरून विमान उडालं. तेही लिहा की!

हिशेबनीस_सोलापूर

@शेंगाचटणी, मान्य. आमच्या कारखान्यातल्या एका मावशींना तिथे घर मिळालंय, खूश आहेत. पण घर मिळणं आणि मजुरी वाढणं ह्या दोन गोष्टी. मजुरीचं विचारलं की त्या हसतात.

@आकडेमोड, आभार. मग असं लिहू का : ‘राज्याचा वाटा १५.२ वरून १३.३ टक्क्यांवर का आला, आणि दावोसच्या करारांपैकी सोलापूर जिल्ह्यात किती प्रकल्प आले?’

आकडेमोड

दोन प्रश्न एकत्र घालू नका, साहेब सोपा उचलतील. वाट्याचं विचारलंत तर ‘इतर राज्यंही वाढली, आनंदच आहे’ म्हणून टाळ्या घेतील, आणि ते अगदीच चूक नसेल. दावोसचाच ठेवा. ‘किती करार’ असं नको, त्याचं उत्तर तयार असतं. जागा कितींनी ताब्यात घेतली आणि उत्पादन कितींचं सुरू झालं, असं विचारा.

हिशेबनीस_सोलापूर

ठरलं. ‘जानेवारी २०२५ च्या दावोस करारांपैकी सोलापूर जिल्ह्यासाठी कोणते, आणि त्यांतल्या किती कंपन्यांनी आजवर चिंचोळी, अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतींत किंवा जिल्ह्यात इतर कुठेही जागा ताब्यात घेऊन उत्पादन सुरू केलं?’

चिठ्ठी शुक्रवारी द्यायचीय. वाक्य लांब वाटत असेल तर त्याआधी कात्री लावा.