‘आम्फो मुअंग’ला मराठीत काय म्हणावं?

तळटीप: थायलंडवरच्या एका प्रवासपुस्तिकेचा मराठी मसुदा तपासायला आलाय. इंग्रजीत ‘प्रॉव्हिन्स’खाली ‘डिस्ट्रिक्ट’ आहे, म्हणून अनुवादकाने चंगवातचा ‘प्रांत’ केला आणि आम्फोचा ‘जिल्हा’. त्यावर कडी म्हणजे ‘आम्फो मुअंग चोनबुरी’चं, म्हणजे चोनबुरी चंगवातचं मुख्यालय असलेल्या आम्फोचं, झालंय ‘चोनबुरी शहर जिल्हा’. ते धड शहर नाही, जिल्हा तर नाहीच. काय लिहावं?

दप्तरदार: आम्फो म्हणजे तालुका, वादच नको. अयुत्थया चंगवात जेमतेम २,५५० चौ. किमी. आणि त्यात १६ आम्फो. आपला एकटा पुणे जिल्हा १५,६०० चौ. किमी.च्या वर. आम्फोखाली तांबोन, त्याखाली मूबान, म्हणजे गाव. शिवाय ‘प्रांत’ म्हटलं की आपल्याकडे प्रांतसाहेब डोळ्यापुढे येतात, आणि ते कलेक्टरच्या हाताखालचे. वाचकाच्या डोक्यात प्रांत जिल्ह्याच्या पोटात आणि पुस्तिकेत जिल्हा प्रांताच्या पोटात. उतरंडच उलटी.

साखरशेंडी: कचेरीतला प्रांत वेगळा, भूगोलातला वेगळा. ‘मुंबई प्रांत’ म्हणताना कोणाचा घोटाळा होत नव्हता. पण चंगवातचा प्रमुख निवडून येत नाही, गृहखात्याकडून नेमला जातो, हे बघता चंगवातला जिल्हाच म्हणावं.

जुनं वळण: मग मुअंगला ‘कसबा’ म्हणा की. कसबे पुणे, कसबे सासवड. परगण्याचं मुख्य ठिकाण ते कसबा. तयार मराठी शब्द असताना मुअंग-बिअंग कशाला?

दप्तरदार: कसबा परका वाटत नाही हे खरं, पण मापाला तोकडा पडतो. जुन्या सयाममध्ये मुअंग म्हणजे तटबंदीचं गाव, त्याच्या अमलातला मुलूख आणि अख्खा देशसुद्धा. आजही थाय लोक देशाला ‘मुअंग थाय’ म्हणतात. १८९२पासून राजपुत्र दामरोंग गृहमंत्री होते. त्यांनी अर्धवट स्वायत्त मुअंग ‘मोनथोन’खाली, म्हणजे मंडलाखाली आणले. १९१६मध्ये मोठ्या मुलखाला मुअंगऐवजी चंगवात म्हणायचं ठरलं आणि मुअंग शब्द मोकळा झाला. तोच १९३८मध्ये मुख्यालयाच्या आम्फोंना चिकटवला. बांग प्ला सोयचं मुअंग चोनबुरी झालं, थुंग खाचं मुअंग फुकेत. म्हणजे अलिबाग तालुक्याला उद्या ‘सदर रायगड’ म्हणण्यासारखं.

साखरशेंडी: मग सिंधुदुर्गात कुडाळ तालुकाच पुसला जाईल, मुख्यालय त्यातल्याच ओरोसला ना! ‘सदर’ मात्र छान सुचवलंत. उत्तरेत ‘सदर तहसील’ म्हणतात, ते अगदी हेच.

जुनं वळण: मुंगी-पैठणमधली मुंगी हीच मुअंग असावी का? गोदावरीकाठचं पुरातन गाव आहे.

व्युत्पत्तीवेडा: नसावी नाही, नाहीच. मुअंग हा ताय घराण्यातला शब्द. लाओमध्ये तो आहे, शान लोकांत आहे, आणि भारतातच हवा असेल तर आसामात बघा. आहोम लोक आपल्या राज्याला ‘मुंग दुन सुन खाम’ म्हणत. संस्कृतातून गेलेले शब्द निराळे: बुरी म्हणजे पुरी, नाखोन म्हणजे नगर, थानी म्हणजे राजधानीतली धानी. चोनबुरी ही जलपुरी, सुफानबुरी ही सुवर्णपुरी, आणि नाखोन रातचासिमा म्हणजे नगर राजसीमा.

जुनं वळण: थानी म्हणजे ठाणे असं वाचलंय.

व्युत्पत्तीवेडा: थाय लिपीत तिथे ‘ध’चं अक्षर आहे, उच्चार फक्त ‘थ’. स्थान-ठाणे घराण्याचा ‘थान’ वेगळ्या अक्षराने लिहितात. म्हणून माझं म्हणणं, मराठीत मूळ रूपच लिहावं: जलपुरी, राजसीमा.

साखरशेंडी: आणि उदोन थानी? त्यातलं उदोन हे ‘उत्तर’, पण अक्षराला अक्षर लावलं तर ‘उदर’ वाचलं जाईल. पोटाची राजधानी! शिवाय स्टेशनवर जलपुरीचं तिकीट मागून मिळणार नाही. लोक म्हणतात ते लिहा.

तळटीप: माझा प्रश्न राहिला बाजूला. निदान अयुत्थयाच्या पानाचं सांगा. तिथे मूळ थायमध्ये ‘मुअंग’ दिसतच नाही.

दप्तरदार: दिसणार नाहीच. मुख्यालयाच्या आम्फोला ‘मुअंग’ न लावणारं ते एकच चंगवात. आम्फोचं नाव ‘क्रुंग काओ’, म्हणजे जुनी राजधानी, असं होतं. १९५७मध्ये ते ‘फ्रा नाखोन सी अयुत्थया’ झालं. त्यामुळे पत्त्यात एक खोच आहे. इतरत्र ‘आम्फो मुअंग’ एवढं लिहून पुढे चंगवातचं नाव टाकलं की भागतं. इथे तेच पूर्ण नाव दोनदा लिहायचं, आधी आम्फो म्हणून, मग चंगवात म्हणून, आणि शेवटी पिनकोड १३०००. आम्फोच्या आधी तांबोन: प्रतू चाय, हुआ रो, था वासुक्री वगैरे, एकूण २१. मसुद्यात पुनरुक्ती म्हणून एक नाव गाळलं असेल तर परत घाला.

व्युत्पत्तीवेडा: वासुक्री म्हणजे आपला वासुकी, जाता जाता. आणि अयुत्थयाच्या बेटाच्या उत्तरेला लोपबुरी नदीचं जुनं पात्र आहे त्याला ‘ख्लोंग मुअंग’ म्हणतात. म्हणजे तिथे मुअंग नाही असंही नाही.

साखरशेंडी: नगरपालिकेचंही बघा. थेसाबान म्हणजे नगरपालिका. ‘थेसाबान मुअंग’ हा निराळा प्रकार, लोकसंख्या १०,००० किंवा चंगवातचं मुख्यालय असेल तर. ५०,००० झाली की ‘थेसाबान नाखोन’. बेटावर थेसाबान नाखोन आहे, पूर्वेला शेजारी ‘अयोथया’ नावाची थेसाबान मुअंग. एकाच आम्फोत अयुत्थया आणि अयोथया. ती छापण्याची चूक समजू नका. तिचा नगराध्यक्ष निवडून येतो, आम्फोचा प्रमुख, नाय आम्फो, नेमलेला असतो. लग्नाची नोंद करायची तर आम्फोच्या कचेरीत, नगरपालिकेत नाही. तुम्ही दोन्हींना ‘सदर’ म्हणालात तर माणूस चुकीच्या इमारतीत जाईल.

जुनं वळण: म्हणूनच कसबा म्हणत होतो.

दप्तरदार: कसब्यातही नगरपालिका असतेच हो. तळटीप, रातचासिमाच्या पानावर ‘थेसाबान नाखोन नाखोन रातचासिमा’ असेल. पहिला नाखोन दर्जाचा, दुसरा नावातला. प्रूफ बघताना एकही खोडू नका.