हिरडी ‘भरते’, हाड ‘धरतं’, मग नस काय करते?

गोदाकाठ (परभणी):
इम्प्लांट (पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू) बसवलेल्या पेशंटला घरी द्यायचं सूचनापत्रक लिहितोय. जुन्या पत्रकात ‘ऊती व मज्जातंतूंचे पुनरुज्जीवन’ होतं. एका आजींनी विचारलं, “कोणाचं पुनरुज्जीवन म्हणता डॉक्टर?” हिरडी, हाड, नस, तिन्हींना सरळ ‘बरे होणे’ लिहू का?

मांजरा (लातूर):
नका लिहू. हिरडी भरते, त्याला सहा ते आठ आठवडे लागतात. हाड धरतं, त्याला साधारण ३ ते ६ महिने. कलम करताना मोसंबीचा डोळा खुंटावर ‘धरला’ म्हणतात, तेच हे धरणं. जालन्याच्या पेशंटला वेगळं सांगायची गरज नाही. ब्रोनेमार्क या स्वीडिश डॉक्टरांनी १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, ते हाड असं धरतं या भरवशावरच.
‘हिरडी चिकटली’ मात्र टाळा. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात. टायटॅनियमात ते रुतत नाहीत, भोवती आवळून बसतात. म्हणून ती कड नाजूक, आणि मशेरी-तंबाखू चालू असेल तर आणखीच.

बिंदुसरा (बीड):
‘मज्जातंतू’ तर काढाच. मज्जा म्हणजे हाडातला गर, आणि तो जबड्यातही असतो; वाचणाऱ्याचा घोटाळा ठरलेला. शाळेच्या पुस्तकात ‘चेता’ आहे, पण आपल्याकडं बोलताना नसच म्हणतात. नस लिहा.

मांजरा:
सहमत. आता नसेचं. खालच्या दाढांखालून हाडातून जाणारी नस ओठ-हनुवटीला संवेदना देते. ती दबली, चेचली की तुटली, यावर सगळं अवलंबून. दबलेली आठवड्यांत सुधारते. चेचलेलीचे धागे पुन्हा वाढतात, पण दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर. तुटलेली बहुधा आपली आपण पुरती जुळत नाही. म्हणून ‘बधिर’ आणि ‘मुंग्या’ एका ओळीत कोंबू नका. बधिर म्हणजे काहीच कळत नाही. बधिर ओठाला पुढं मुंग्या यायला लागल्या, तर बहुतेकदा नस परतीच्या वाटेवर असते. पेशंट नेमका तेव्हाच घाबरून फोन करतो!

दाढदुखी (धाराशिव):
माझं इम्प्लांट पक्कं धरलंय. पण भाकरीतली बारीक कच त्या बाजूला कळत नाही, दुसऱ्या बाजूला लगेच कळते. ही पण नस मेल्याचीच खूण का?

मांजरा:
नाही हो. खऱ्या दाताभोवती एक पातळ तंतूंचा पदर असतो, दाबाची जाणीव त्यातून येते. दोन खऱ्या दातांमध्ये २० मायक्रॉनची (मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी) कचही जाणवते. इम्प्लांटला तो पदर नाही. हाडातून आणि आजूबाजूच्या स्नायूंतून कळतं तेवढंच. याला ‘बधिर’ म्हणू नये. ‘बोथट’ म्हणा.

गोदाकाठ:
मग नसेची ओळ अशी: ‘ओठ दुसऱ्या दिवशीही बधिर असल्यास कळवा.’

बिंदुसरा:
‘दुसऱ्या दिवशी’ कशाला? भूल काही तासांत उतरते. ‘भूल उतरायची वेळ टळूनही ओठ बधिरच असेल, तर त्याच दिवशी फोन करा.’ स्क्रू नसेवर टेकला असेल, तर तो काढायचा निर्णय लवकर घ्यावा लागतो.