शेड लवकर उभी राहते, वेळ फ्लोअर खातो

बरेच जण म्हणतात की पीईबी (कारखान्यात सुटे भाग बनवून साइटवर जोडायची स्टीलची इमारत) आल्यापासून गोदामाचं वेळापत्रक म्हणजे स्टीलची डिलिव्हरी, बाकीचं मागून जमतं. भिवंडी पट्ट्यातली कामं बघता मला हे अजिबात पटत नाही. कॉलम-राफ्टर कारखान्यात तयार होत असताना साइटवर पाया करता येतो, तिथे वेळ वाचतो हे खरं. पण भरावाचं काय? भातखाचराच्या जमिनीवर मुरूम टाकायचा तर २००-२५० मिमीचे थर, प्रत्येक थराला पाणी, रोलर आणि घनतेची टेस्ट. मेच्या अखेरीस घाईघाईत जाड थर ओतून वरून रोलर फिरवला, की रॅकचं वजन आल्यावर फ्लोअर बसतो. मग दुरुस्ती चालू गोदामात करावी लागते.

दुसरं, सपाटी. रीच ट्रकच्या (उंच रॅकवर माल चढवणाऱ्या फोर्कलिफ्टच्या) चाकांमधलं अंतर १.२ मीटर आणि मास्ट, म्हणजे माल उचलणारा उभा खांब, १२ मीटर धरा. एका चाकाखाली २ मिमी फरक असला तर वर तो २० मिमी होतो. म्हणून आधी छत, मग काँक्रीट. ऊन-वारा लागला तर भेगा आल्याच. जॉइंटचं कटिंगही (भेग ठरलेल्या रेषेतच यावी म्हणून काँक्रीटला द्यायचे काप) साधारण २४ तासांच्या आत व्हायलाच हवं.

भाडेकरूला दहाव्या दिवशी रॅक लावायचे असतात. काँक्रीटची ताकद मात्र २८ दिवसांची धरलेली असते. हे दिवस करारातच लिहून घ्यावेत असं माझं ठाम मत आहे.

तुमच्याकडे भरावाच्या टेस्ट कंत्राटदारच घेतो की बाहेरची लॅब?