आधी ओळखक्रमांक, मग सॉफ्टवेअर

सरकारी संशोधन प्रकल्पांची नोंद ठेवणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली आधी घ्यावी, जुन्या फायलींतली माहिती सावकाश भरता येईल, असं काही जण म्हणतात. मला हा क्रम उलटा वाटतो. एकाच संशोधकाचं नाव तीन विभागांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं असेल, तर प्रणाली त्यांना तीन माणसं समजणार, आणि एकाच कामाला दोनदा निधी गेला तरी ते कुणाच्या लक्षात येणार नाही. उपाय तयार आहे. ऑर्किड हा संशोधकाचा १६ अंकी क्रमांक २०१२ पासून मोफत मिळतो. शोधनिबंधांना डीओआय, म्हणजे कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक, देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे २०१९ पासून अनुदानांनाही डीओआय घेता येतो. हे दोन्ही मंजुरीपत्रावरच आले, तर कोणता शोधनिबंध कोणत्या पैशातून निघाला हे नेमकं जोडता येतं.

आणि हे अगदी कळकळीनं सांगतो, संशोधकांना तीच माहिती पुन्हा पुन्हा भरायला लावू नका. वार्षिक अहवालात प्रकल्पाचं नाव, निधी, सहकारी आधीच भरलेले दिसायला हवेत. नाहीतर लोक शेवटच्या दिवशी काहीतरी भरून मोकळे होतात आणि त्याच आकड्यांवर पुढचे निर्णय होतात. फसलेले प्रकल्पही नोंदवा. शिवाय सगळा डेटा खुल्या स्वरूपात बाहेर काढता येईल ही अट करारात आत्ताच घाला. पुरवठादार बदलायची वेळ आल्यावर ती मिळवणं फार अवघड जातं.