अनुभव धागा: 'डीएलएल मिसिंग'ची चौकट आणि तुम्ही

संत्रा_बर्फी:
काल कोर्टासमोर झेरॉक्सवाल्याकडे ॲफिडेव्हिट टाइप करायला थांबलो होतो. स्क्रीनवर पांढरी चौकट: व्हीसीरनटाइम१४० डॉट डीएलएल सापडत नाही. (डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्राम वाटून वापरतात ती फाईल; ती नसली की प्रोग्राम उघडत नाही.) पोरगा ओकेवर ओके दाबून राहिला होता, दहाव्यांदा दाबल्यावर फाईल लाजून परत येणार असल्यासारखा. मला थेट २००६ आठवलं.

थर्ड इयर, नागपुरात नंदनवनची खोली, तिघांत एक पीसी, विंडोज एक्सपी. सी ड्राइव्ह भरला. मी हुशार! विंडोजच्या पोटात डीएलएलकॅश नावाचं लपलेलं फोल्डर दिसलं, उडवलं. काहीच झालं नाही. हिंमत वाढली, सिस्टम३२ मधल्या (विंडोजच्या मुख्य फायलींचं फोल्डर) 'अनोळखी' फायलीही उडवल्या. नंतर कळलं, अशी फाईल उडवली की एक्सपी त्याच कॅशमधून गुपचूप परत आणून ठेवते. मी आधी गोदामच जाळलं होतं. विंडोजच्या फायली तपासून दुरुस्त करणारी एसएफसी स्कॅननाऊ कमांड दिली तर सीडी मागे, सीडी घातली तर म्हणे ही नाही, सर्व्हिस पॅक २ ची द्या. परवावर प्रोजेक्ट. शेवटी वर्गमित्राची सीडी आणली, तिच्यातल्या आय३८६ फोल्डरात फायली आवळून ठेवलेल्या असतात, नावाच्या शेवटी अंडरस्कोर. एक्सपांड कमांडने एकेक फुगवत सकाळ झाली.

तुमचे टाका.

बर्डीकर:
आमच्याकडे एचएएल डॉट डीएलएल मिसिंग, विंडोज सुरूच होईना. बर्डीतल्या एका रिपेअरवाल्याने लांबूनच पाहून सांगितलं, 'फॉरमॅट, ३०० रुपये.' ताईच्या लग्नाचे फोटो गेले. चार वर्षांनी वाचलं की फाईल बरेचदा जागेवरच असते, विंडोज कुठून सुरू करायची ते सांगणारी बूट डॉट आयएनआय फाईल डिस्कच्या चुकीच्या भागाकडे बोट दाखवत असते. ताईला अजून सांगितलं नाही.

दोन_प्लेट_तर्री:
काऊन बे, हे सक्करदऱ्याचं लग्न काय? जिथं जनरेटर बंद पडला होता?

बर्डीकर:
हाव. फोटो नाही राहिले, सावजी रस्सा अजून आठवते.

मानेवाड्याची_सून:
एमएसव्हीसीपी१०० मिसिंग. मी नेटवरून नुसती ती एक फाईल उतरवून सिस्टम३२ मध्ये टाकली. मग नवीनच एरर, लांबलचक आकडा, शेवटी ७बी. दिराने कपाळाला हात लावला. प्रोग्राम ६४ बिटचा, मी टाकलेली फाईल मात्र ३२ बिटची, आणि ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टम३२ असतं ६४ बिटवाल्यांसाठी आणि ३२ वाल्यांचं घर सिसवॉव६४. हे नाव कोणी ठेवलं, त्याला एकदा घरी जेवायला बोलवायचं आहे 😠 माझी फाईल डिलीट करून, ही फाईल ज्यात येते ते व्हिज्युअल सी प्लस प्लस २०१० चं पॅकेज मायक्रोसॉफ्टवरून घेतलं, दोन्ही प्रकारचं. पाच मिनिटं. कुकर लागलाय, येते.

काळी_खिडकी:
लिनक्सवर लिबसी, म्हणजे जवळपास सगळ्या कमांडना लागणारी फाईल, जागेवरून हलवली होती, 'बघू काय होतं' म्हणून. एलएस नाही, सीपी नाही, एमव्ही नाही, म्हणजे फायली दाखवणं, कॉपी करणं, हलवणं सगळं बंद. सीडी आणि इको तेवढे चालले कारण ते शेलच्या, म्हणजे कमांड घेणाऱ्या प्रोग्रामच्या, आतलेच. पेनड्राइव्हवरून बूट करून परत ठेवली. आता बघत नाही.

पेन्शनर_धंतोली:
नमस्कार. आमचा प्रिंटर पान अर्धं ओढून थांबतो. उपाय?

संत्रा_बर्फी:
काका, वेगळा धागा काढा ना, इथं कोणाच्या नजरेत येणार नाही.

दोन_प्लेट_तर्री:
विंडोज १० वर माझं एसएफसी दरवेळी म्हणे, काही फायली दुरुस्त करता आल्या नाहीत. मग समजलं, एसएफसी ज्या साठ्यातून फाईल काढते तो साठाच सडला होता. आधी तो साठा दुरुस्त करणारी डिझम रिस्टोअरहेल्थ कमांड, मग एसएफसी. डिझम ६२.३ टक्क्यांवर अडकलं म्हणून दोनदा बंद केलं, तिसऱ्यांदा वैतागून पोहे खायला गेलो, येऊन पाहतो तर झालं होतं.

कूलर_समोर_सीपीयू:
माझं ऐका. मे महिना, ४५ डिग्री, आज एक फाईल दुरुस्त केली की उद्या दुसरी करप्ट. विंडोज दोनदा नवीन टाकलं. तेच. रॅम खराब निघाली! कॉपी करतानाच बिट पलटत होते. रात्रभर रॅम तपासणारं मेमटेस्ट चालवलं, चुकांच्या लाल ओळीच ओळी. दोन काड्यांपैकी एक गेलेली. दुसरीची पिवळी टोकं खोडरबरने घासली, तीन वर्षं चालली.

मानेवाड्याची_सून:
खोडरबर कोणतं हो? आमचंही रोज अडकते.

कूलर_समोर_सीपीयू:
पांढरं, शाळेचं. शाईचं निळं नको, खरवडते. चुरा फुंकून काढा, प्लग आधी उपसा. आणि ताई, खोलीतल्या कूलरची हवा सीपीयूवर सोडू नका, मी तेच केलं होतं.