उत्तर: काउंटी जेलमधल्या सुधारणा कार्यक्रमांचा उपयोग काय?
अमेरिकेतल्या काउंटी (म्हणजे जिल्ह्याच्या) जेलमध्ये माणूस काही दिवस किंवा आठवडेच असतो, तेवढ्यात त्याचं पुनर्वसन काय होणार, हा मुद्दा मला पटत नाही. मुक्काम थोडा असतो हे खरंच, बरेच जण तर अजून दोषीही ठरलेले नसतात. पण मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रँकलिन आणि हॅम्पशायर या शेजारशेजारच्या दोन ग्रामीण काउंट्यांचं उदाहरण बघा. ओपिऑइडचं (हेरॉइनसारख्या अफूवर्गीय पदार्थांचं) व्यसन असलेल्या कैद्यांना फ्रँकलिनच्या जेलमध्ये ब्युप्रेनॉर्फिन हे त्या व्यसनावरचं औषध मिळायचं, हॅम्पशायरमध्ये ते २०१९ पर्यंत मिळत नव्हतं. २०१५ ते २०१९ मध्ये सुटलेल्यांची तुलना २०२२ साली प्रसिद्ध झाली. पुन्हा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्यांचं प्रमाण फ्रँकलिनमध्ये ४८ टक्के, हॅम्पशायरमध्ये ६३ टक्के. इतर फरक हिशेबात धरूनही फ्रँकलिनचं पारडं जड राहिलं. एका औषधाने एवढा फरक पडत असेल तर ते नाकारणं मला क्रूरपणा वाटतो.

आणि हे कळलं कारण दोन्ही जेलच्या नोंदी राज्याच्या नोंदींशी जोडता आल्या. एरवी जेल शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या कायदा-सुव्यवस्था प्रमुखाच्या हातात, माहिती त्याच्या कपाटात. कोठडीतल्या मृत्यूंची माहिती कळवायचा केंद्रीय कायदा २००० मध्ये पहिल्यांदा झाला, तरी २०२१ या आर्थिक वर्षातले तुरुंगातले आणि अटकेदरम्यानचे मिळून किमान ९९० मृत्यू केंद्राच्या नोंदीत आलेच नव्हते, असं २०२२ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे मांडलं गेलं. जिथे मृत्यूच मोजले जात नाहीत, तिथे कुठला कार्यक्रम कुणाला उपयोगी पडला हे कोण मोजणार? म्हणून कार्यक्रमाला पैसे देताना सुटकेनंतरच्या नोंदींची अट त्याच करारात घालायला हवी.