रोबोटिक्स स्पर्धा: यंत्र मुले घडवतात की गुणतक्ता?

मार्गदर्शक, माटुंगा
मुलांनी काय बांधायचे हे नियमपुस्तकातील गुणतक्ताच ठरवून टाकतो, आणि मला ते मनापासून खटकते. ‘फर्स्ट रोबोटिक्स’ या शालेय संघांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा २०१७ चा खेळ पाहा. चालकांच्या हाती यंत्र असताना वरच्या गोलात ३ चेंडू गेले की १ गुण मिळे, तर शेवटी दोरावर चढल्याबद्दल एकदम ५०. म्हणजे एका चढाईच्या तोडीला १५० चेंडू. साहजिकच बहुतेक संघांनी चेंडूंचा नाद सोडून गिअर वाहणारी आणि दोर चढणारी यंत्रे बांधली. आमच्याकडेही चेंडूफेकीची हौस असलेल्या विद्यार्थ्याची कल्पना पहिल्याच बैठकीतल्या आकडेमोडीत मागे पडते.

माजी स्पर्धक, दादर
सर, ती आकडेमोड हीच अभियांत्रिकी आहे. वजन, वेळ आणि पैसा मोजकाच असताना कशावर पाणी सोडायचे, हे तिथेच कळते. थरांवर बक्षीस असले की आपली गोविंदा पथके हंडी न फोडता सलामी देऊन पुढच्या मंडळाकडे निघतात. म्हणून आठ थर लावणे सोपे होत नाही. शिवाय त्याच खेळाच्या बाद फेरीत दोन्ही बाजूंचे, गिअर बसवल्यावर फिरणारे चारही रोटर फिरले आणि सगळी यंत्रे दोरावर चढली, की निकाल चेंडूंवरच येई.

मार्गदर्शक, माटुंगा
बाद फेरीपर्यंत किती संघ पोहोचतात? आणि तक्ताच चुकला तर काय होते, हे याच स्पर्धेत २०१० मध्ये दिसले. क्रमवारीसाठी हरणाऱ्या बाजूलाही विजेत्याइतके गुण मिळत असल्यामुळे, सामना हातचा जातो आहे असे दिसल्यावर दोन्ही बाजूंच्या मिळून सहाही यंत्रांनी एकाच बाजूसाठी गोल करणे हिशेबाने शहाणपणाचे ठरत होते. मुले अप्रामाणिक नव्हती. नियमच त्यांना तिकडे नेत होता. अखेर हंगाम चालू असतानाच विजेत्याला ५ जादा गुण देण्याची दुरुस्ती करावी लागली.

प्राध्यापिका, घाटकोपर
२०१४ मध्ये पुण्यात झालेल्या ‘एबीयू रोबोकॉन’ या आशिया-पॅसिफिकमधील महाविद्यालयीन संघांच्या स्पर्धेत सर्व कामे आधी पूर्ण करून ‘शाबाश’ मिळवणारा संघ तिथल्या तिथे जिंकत असे. अशा नियमात सोपे तेवढे उचलून पुढे जाता येत नाही, म्हणून सरांची तक्रार मला पटते. तरीही अर्धवट कामाचे गुण काढून टाकण्याला माझा विरोध आहे. मुंबईतल्या अनेक महाविद्यालयांत पूर्ण मापाचे मैदान मांडायला जागा नसते, आणि जिन्याखालच्या खोलीत सराव केलेल्या संघाला तेच चार गुण पुढच्या वर्षी पुन्हा उतरण्याचे बळ देतात.